पोषण आहाराचे प्रशिक्षण : प्रमाणपत्र नको, नकाराचा अधिकार द्या!

विदर्भातील एका तालुक्याच्या ठिकाणी अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण होते. समारोपाच्या दिवशी कायद्याची माहिती सांगण्यासाठी आम्हाला एक तास देण्यात आला होता. सभागृहात शंभरेक महिला बसलेल्या. बहुतेकजणी पहाटे उठून, घरचा स्वयंपाक उरकून, मिळेल त्या गाडीने तालुक्याला पोहोचलेल्या. पडद्यावर चित्रे सरकत होती आणि चित्रांखालची अर्धीअधिक अक्षरे इंग्रजीत होती. दुपारी दोनच्या सुमारास हजेरीपट फिरला, सह्या झाल्या, नाश्त्याची पाकिटे वाटली गेली. प्रशिक्षण 'यशस्वीरीत्या संपन्न' झाले.

आमचे बोलून झाल्यावर "कुणाला काही विचारायचे आहे काय?" असे आम्ही म्हणालो. मागच्या रांगेतून एक बाई उठली. ती सेविका नव्हती, मदतनीस होती. सेविका आजारी म्हणून तिच्या जागी आली होती. ती म्हणाली, "साहेब, तेलाले वास आला तं म्या काय करू? फेकलं तं पैसे माह्याकडून मागतात. घातलं तं लेकरं माह्याच गावची हायेत."

सभागृह शांत झाले. प्रशिक्षकांनी "वरिष्ठांना कळवावे" असे उत्तर दिले. बाई म्हणाली, "कळवलं. ते म्हनतात, आज भागवून घ्या." आणि ती खाली बसली. वाचकहो, वीस वर्षे काळा कोट घालून न्यायालयात उभे राहणाऱ्या आम्हालाही त्या क्षणी तिला देण्यासारखे उत्तर सापडले नाही. तिच्या त्या दोन वाक्यांमुळेच हा लेख लिहावा लागत आहे.

तेवीस बालकांनी दिलेले उत्तर

मदतनीस बाईचा प्रश्न नवा नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेतील माध्यान्ह भोजन खाऊन २३ बालके दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले होते. आमच्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांना या औषधाचे नाव सांगायची गरज नाही. त्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या बाईला तेलाचा वास आणि रंग खटकला होता, तिने तसे बोलूनही दाखवले होते, अशी बातमी तेव्हा देशभरातील वृत्तपत्रांत आली. तरीही स्वयंपाक झाला. त्या स्वयंपाकिणीची स्वतःची मुलेही त्याच पंगतीत होती. पुढे २०१६ मध्ये न्यायालयाने मुख्याध्यापिकेला शिक्षा ठोठावली.

या घटनेनंतर सरकारी परिपत्रकांचा पाऊस पडला. साठवणूक कशी करावी, हात कसे धुवावेत, मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव कशी घ्यावी, याच्या सूचना निघाल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु मूळ दुखणे तसेच राहिले. त्या स्वयंपाकिणीचे नाक बरोबर होते. तेल वाईट आहे हे ओळखण्यात ती कमी पडली नाही. तिच्याकडे नव्हता तो 'मी हे शिजवणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार. जे प्रशिक्षण ज्ञान देते पण अधिकार देत नाही, ते प्रशिक्षण पंगतीतल्या मुलाला वाचवू शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे 'बायकांचे काम' नव्हे

पोषण आहार म्हणजे खिचडी शिजवणे आणि खिचडी कोणत्याही बाईला येते, अशी एक समजूत मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत रुजलेली आहे. ही समजूत अज्ञानातून आलेली आहे आणि ती सोयीचीही आहे. काम 'घरगुती' ठरवले की त्याचे शिक्षण द्यावे लागत नाही आणि मोबदलाही द्यावा लागत नाही. म्हणूनच हे काम किती कौशल्याचे आहे, हे आमच्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

साधी उंची मोजण्याचे उदाहरण घ्या. दोन वर्षांखालील मुलाला फळ्यावर झोपवून मोजायचे, त्यावरील मुलाला उभे करून. एकाच मुलाची झोपवून घेतलेली लांबी ही उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटरने जास्त भरते. पद्धत चुकली की मूल एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाते आणि त्याला मिळायचा आहार, उपचार सारेच बदलते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते मूल तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित. पट्टी जरा सैल धरली तरी मूल कागदावर 'बरे' होते. दोन्ही पावलांवर सूज असलेल्या मुलाचे वजन तर सुजेमुळे जास्तच दिसते. पावलावर अंगठा दाबून खड्डा राहतो काय, हे न पाहता फक्त काट्याकडे पाहणारी व्यक्ती त्या मुलाला धडधाकट ठरवील आणि मूल मरणाच्या दारात उभे असेल.

त्याहून गंभीर बाब पुढे आहे. अतितीव्र कुपोषित बालक रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होते, तेव्हा माया म्हणून त्याला पोटभर खाऊ घातले तर ते दगावू शकते. बराच काळ उपाशी राहिलेल्या देहाला एकदम भरपूर अन्न पेलत नाही. म्हणून सुरुवातीला एफ-७५ नावाचे दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असतात. ते थोडे थोडे, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा पाजायचे. भूक परतली की मग हळूहळू एफ-१००. अंग थंड पडू द्यायचे नाही, रक्तातली साखर उतरू द्यायची नाही. रक्त कमी दिसले तरी पहिल्या दिवसांत लोहाचे औषध द्यायचे नाही. हे सारे रात्रपाळीला सांभाळणारी परिचारिका, आहारतज्ज्ञ, दूध तयार करणारी स्वयंपाकीण आणि मुलाला मांडीवर घेऊन बसलेली त्याची आई या चौघींवर त्या बालकाचा जीव अवलंबून असतो. यातल्या एकीला जरी नीट शिकवले गेले नाही तर काय होईल, याचा विचार करा.

केंद्र शासनाच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. तीव्र कृश मुलांचे प्रमाण आधीच्या सर्वेक्षणात ९.४ टक्के होते, ते १०.९ टक्क्यांवर गेले. पुरोगामी म्हणवणाऱ्या, देशाची आर्थिक राजधानी मिरवणाऱ्या राज्याचे हे चित्र आहे.

महिन्यांवरून दिवसांवर

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सुरुवातीच्या काळात सेविकेचे मूळ प्रशिक्षण काही महिन्यांचे असे. पुढे ते महिन्याभरावर आले. २०१८ मध्ये पोषण अभियान आले आणि मासिक बैठकांमधून एकेक पाठ शिकवण्याची पद्धत सुरू झाली. मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम जाहीर झाला, त्यात सेविकेसाठी तीन दिवस. या तीन दिवसांत पोषणही शिकायचे आणि पूर्वप्राथमिक शिक्षणही! नवे पाठ वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्यातले कित्येक चांगले आहेत. परंतु कामाचा बोजा वाढत जातो आणि शिकवण्याचे दिवस कमी होत जातात, हे उलटे गणित कोणत्या शास्त्रात बसते?

बरे, सेविकेच्या दिवसाचे काय होते? २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. महाराष्ट्रातील सेविकांनी त्यातील इंग्रजीला आणि निकृष्ट मोबाईलना कंटाळून ऑगस्ट २०२१ मध्ये ते मोबाईल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. मोबाईल चालवता येत नाही म्हणून नव्हे, तर आपल्या भाषेत काम करू द्या म्हणून. त्यानंतर आणखी नोंदी आल्या, घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा मोबाईलवर ओळखवणे आले. प्रशिक्षणाचा मोठा वेळ आता 'माहिती कशी भरावी' यातच जातो. मुलाच्या ताटापेक्षा मोबाईलचा पडदा महत्त्वाचा झाला.

आणि मदतनीस? जी प्रत्यक्ष चुलीपाशी उभी राहते, धान्य निवडते, भांडी घासते, मुलांना वाढते, तिला प्रशिक्षणाचे बोलावणे क्वचितच येते. त्या सभागृहात ती चुकून आली म्हणून तो प्रश्न विचारला गेला. अन्यथा तो विचारलाच गेला नसता.

हात धुण्याचे सात टप्पे, मन धुण्याचा एकही नाही

आता ज्या विषयावर प्रशिक्षणाच्या पुस्तिका मौन पाळतात, त्या विषयाकडे वळू. भारतीय गावात अन्न कोण शिजवतो हा प्रश्न आरोग्याचा असण्याआधी जातीचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या प्रसिद्ध खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला की, माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी व मदतनीस यांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाड्या देताना अग्रक्रम देण्यास सांगितले. न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच सारे आले. केंद्र सवर्ण आळीत आणि मूल बौद्धवाड्यात, तर ते मूल केंद्रापर्यंत पोहोचेलच कसे?

डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथील शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. शिक्षा कुणाला झाली? त्या भोजनमातेलाच कामावरून काढण्यात आले. देशभर ओरड झाल्यावर तिला परत घेण्याची पाळी प्रशासनावर आली. उत्तराखंड दूर आहे असे समजून कुणी समाधान मानू नये. आमच्याकडेही 'तू झाडलोट कर, खिचडी दुसरी टाकेल' असे म्हणून मदतनिसाला चुलीपासून दूर ठेवल्याच्या तक्रारी आमच्या टेबलावर आल्या आहेत. अशा तक्रारी कागदावर क्वचितच येतात. बाईला काम टिकवायचे असते.

आमचा सवाल असा आहे की, प्रशिक्षणात हात धुण्याचे टप्पे चित्रांसह शिकवले जातात, तर संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाचा एक पाठ का नाही? पालकांनी तिच्या हातचे नाकारले तर त्या दिवशी सेविकेने काय लिहायचे, कुणाला कळवायचे, मुलांच्या वेगळ्या रांगा होऊ नयेत म्हणून काय करायचे, हे शिकवायला नको काय? २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरला, हे पर्यवेक्षिकेला माहीत असायला नको काय? अस्पृश्यता हाही अन्नात कालवला जाणारा विषारी पदार्थच आहे. त्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा मात्र शासनाने अजून उघडलेली नाही.

मोबदल्याला स्वयंसेविका, चुकीला कर्मचारी

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातृत्वाचा प्रश्न राष्ट्राच्या हिताशी जोडला होता. गरोदर व स्तनदा मातेला आहार आणि आर्थिक लाभ देणारे राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ चे चौथे कलम हे त्याच विचाराच्या वाटेवरचे पाऊल आहे. परंतु हा अधिकार ज्या बाईच्या हातून मातेपर्यंत पोहोचतो, तिची स्वतःची स्थिती काय?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अमीरबी प्रकरणात अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नाही असे ठरवले. एप्रिल २०२२ मध्ये मणिबेन भारिया प्रकरणात याच न्यायालयाने सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि त्यांचे काम अर्धवेळ, हलके नाही हे अधोरेखित केले. तरीही हा हक्क पदरात पडावा यासह अन्य मागण्यांसाठी महाराष्ट्रातील महिलांना ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर जावे लागले. पगार मागितला की त्या 'मानधनावरील स्वयंसेविका' असतात. मूल आजारी पडले की त्याच 'जबाबदार कर्मचारी' होतात. हा दुटप्पीपणा प्रशिक्षणाच्या मुळावर घाव घालतो. जिला कर्मचारी मानायचे नाही, तिच्या शिक्षणावर खर्च कशाला, असा हिशेब त्यामागे आहे.

दुसरा हिशेब ठेकेदाराचा. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार हटवा, गावातील बचत गट व महिला मंडळांना काम द्या, असे सांगितले होते. तरीही महिला मंडळांच्या नावाआडून मोठे पुरवठादार घुसले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्रातील घरी न्यायच्या आहाराच्या निविदेतील अटी रद्द कराव्या लागल्या. बंद पाकिटाला शिकलेली स्वयंपाकीण लागत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. बाई जितकी कमी शिकलेली, तितका पाकीटवाल्याचा धंदा सुरक्षित. याउलट २०१५ पासून आदिवासी भागात सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गावातच ताजे जेवण शिजवून गरोदर व स्तनदा मातांना देण्याची पद्धत आहे. त्यातही पैसे वेळेवर न येण्यासारख्या अडचणी आहेत. परंतु गावातील बाई जबाबदारी पेलू शकते, हे त्या योजनेने दाखवून दिले.

मग काय मागायचे?

पहिली मागणी, मदतनीस आणि स्वयंपाकिणीला प्रशिक्षणात सेविकेइतकेच स्थान. त्या दिवसाचा मोबदला, प्रवासखर्च आणि केंद्रावर बदली व्यक्ती द्या. दुसरी, प्रशिक्षण मराठीत आणि मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागात कोरकू, गोंडी, भिली, पावरीतही व्हावे. तिसरी, शिकवणे पडद्यावर नको, चुलीपाशी आणि काट्यापाशी हवे. चौथी, जातीय भेदभावावर स्वतंत्र पाठ हवा.

पाचवी मागणी सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक केंद्रात नकार नोंदवही ठेवा. माल खराब वाटला तर तारीख, वस्तू, वजन आणि कारण लिहून शिजवण्यास नकार देण्याचा अधिकार बाईला लेखी द्या. मालाची भरपाई तिच्याकडून वसूल होणार नाही, हेही लेखी द्या. कायद्याचा आधार येथे पक्का आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार असुरक्षित अन्न वाटणे हा गुन्हा आहे. जे वाटणे गुन्हा, ते वाटण्यास नकार देणे हा शिस्तभंग कसा होऊ शकतो? ते कर्तव्यच आहे. आणि त्या दिवशी मूल उपाशी राहिले तर? अन्न सुरक्षा अधिनियमाच्या आठव्या कलमाखाली त्याला भत्ता द्यावा लागेल. तो देण्याची जबाबदारी शासनाची, मदतनिसाची नव्हे.

कार्यकर्त्यांनी केवळ जयंतीच्या वर्गणीपुरते वस्तीत न फिरता आपल्या वस्तीतील अंगणवाडीत जावे. माहितीच्या अधिकाराखाली बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे तीनच गोष्टी मागाव्यात: गेल्या दोन वर्षांत प्रशिक्षण कोणत्या तारखांना झाले, मदतनीस किती हजर होत्या, खर्च किती झाला. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अन्न सुरक्षा अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमाने सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली आहे, ते आपल्या गावात झाले काय, हे ग्रामसभेत विचारावे.

राहता राहिली ती मदतनीस बाई. सभागृहातून परतल्यावर आम्हाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या पानाचा एक मसुदा तयार केला. अमुक तारखेस आलेल्या तेलाला वास येत असल्याने ते मुलांच्या आहारात वापरता येत नाही, तरी बदलून द्यावे, एवढाच मजकूर. प्रत नोंदवहीत ठेवावी, पोच घ्यावी. तो कागद तिच्या गावातील कार्यकर्त्याच्या हाती पाठवला. तिच्या मुलीने तो वाचून दाखवला आणि तिने त्यावर सही केली.

आठवड्याने तिचा फोन आला. तेल बदलून मिळाले होते. सोबत तिला एक नोटीसही मिळाली होती: "सदर अर्ज आपणास कोणी लिहून दिला, याचा खुलासा तीन दिवसांत करावा." तेलाला वास का आला, याचा खुलासा मात्र कुणालाही मागितलेला नव्हता.

त्या नोटिशीचे उत्तर आम्ही आमच्या नावाने दिले आहे. परंतु महाराष्ट्रातील प्रत्येक चुलीपाशी वकील उभा राहू शकत नाही. त्या बाईचा नकार कायद्याच्या पुस्तकात, प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आणि केंद्राच्या नोंदवहीत लिहिला गेला पाहिजे. तोपर्यंत तो लिहून देण्याचे काम चळवळीचे आहे.